मुक्कामाचे भय

रूपेरी पडद्यावरील एका प्रवासाची हकीकत आपणा सर्वांच्या इतकी परिचयाची आहे, की ती सांगावयास चार वाक्ये पुरेत. पाचसहा तरुण मंडळी मोटारीतून निघतात. रात्र पडते, पाऊस लागतो, आणि मनुष्यवस्तीपासून दूर अशा एखाद्या वळणावर मोटार बंद पडते. लांबवर एक दिवा दिसतो. जवळ जाऊन पाहावे तो एक पडका वाडा, आणि दारात कंदील घेऊन उभा असलेला, विचारल्यावाचून न बोलणारा रखवालदार. पहाट होईपर्यंत त्या मंडळींपैकी एखादी मुलगी तेवढी जिवंत उरते, आणि प्रेक्षक चहा पिण्यास बाहेर पडतात.

अमेरिकेत ह्या जातीच्या चित्रपटांना 'स्लॅशर' असे नाव आहे. आपण त्यांना कापाकापीचे चित्रपट म्हणू. सुशिक्षित घरांतून त्यांचा उल्लेख नाक मुरडल्यावाचून होत नाही, आणि त्यांतील बहुतेकांची योग्यता पाहता ते नाक मुरडणे अन्यायाचे आहे असेही मला म्हणवत नाही. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांच्यापाशी थोडे थांबावे लागते. वाटेत अडकलेला प्रवासी आणि त्याचा मारेकरी ही जोडी कोणा पटकथाकाराच्या डोक्यातून निघालेली नाही. आपल्याच मराठवाड्यातील वाटांवर ती खरोखर वावरत होती. तिच्या हकीकती कागदोपत्री नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्या हकीकतींवर एक जगप्रसिद्ध कादंबरीही रचली गेली आहे. तेव्हा एक साधा प्रश्न विचारावा असे वाटते: खरा मारेकरी राहत होता तरी कोठे? पडक्या वाड्यात, की आणखी कोठे?

प्रथम चित्रपटांचा हिशेब पाहू. कारण त्यांची कथा पुष्कळशी हिशेबातूनच जन्मली आहे. भांडवल थोडे असले म्हणजे एक घर, एक रात्र आणि अर्धा डझन नट ह्यांतच सारे उरकावे लागते. अंधार असला की नेपथ्याचा खर्च वाचतो. नट एकामागून एक मरत गेले की त्यांचे पुढील दिवसांचे वेतनही वाचते! प्रवासी अडकला पाहिजे, ही कथेची जेवढी गरज आहे तेवढीच ती निर्मात्याच्या खिशाचीही आहे.

आपल्याकडे हा व्यवहार ज्यांनी पुरता ओळखला, ते मुंबईचे रामसे बंधू. ह्यांचे वडील फत्तेचंद रामसे ह्यांचे मूळ दुकान कराचीस. तेही रेडिओचे, हे येथे ध्वनिक्षेपकासमोर बसून सांगताना मला गंमत वाटते. फाळणीनंतर ते मुंबईस आले, लॅमिंग्टन रोडवर दुकान थाटले, आणि चित्रपटांत पैसा घालू लागले. १९७० सालचा त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा चित्रपट चालला नाही. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करतात असा एक प्रसंग होता, आणि तेवढ्यापुरते लोक चित्रपटगृहात येत होते. मुलांनी हे हेरले. १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' निघाला. सारे कुटुंब बसमधून महाबळेश्वरास गेले. कोणी कॅमेरा धरला, कोणी ध्वनी सांभाळला, कोणी दिग्दर्शन केले. खर्च सुमारे साडेतीन लाख रुपये झाल्याचे सांगतात. पुढे जवळजवळ वीस वर्षे हा कारखाना चालला, आणि त्याचे उत्पन्न मोठ्या शहरांतील वातानुकूलित चित्रपटगृहांपेक्षा लहान गावांतील बाकांवरून अधिक आले.

ह्या बंधूंच्या चित्रपटांची नुसती नावे एका ओळीने वाचावीत. 'गेस्ट हाउस' १९८० चा, 'हॉटेल' १९८१ चा, 'डाक बंगला' १९८७ चा, 'पुरानी हवेली' १९८९ चा. ही सारी मुक्कामाच्या जागांची नावे आहेत! परक्या गावी रात्री पाठ टेकावयास मिळते अशी एकही जागा त्यांनी भीतीवाचून सोडलेली नाही. अमेरिकेतही तोच प्रकार. १९७४ चा 'द टेक्सास चेन सॉ मॅसॅकर' दीड लाख डॉलरहूनही कमी खर्चात झाला. त्यातील तरुणांना पेट्रोल मिळत नाही म्हणून ते त्या शापित घराच्या आसपास रेंगाळतात. १९७७ च्या 'द हिल्स हॅव आइज'मध्ये वाळवंटात गाडी मोडते, आणि डोंगरात राहणारे एक रानटी कुटुंब प्रवाशांवर तुटून पडते. ह्याचा दिग्दर्शक वेस क्रेव्हन ह्याला ही कल्पना स्कॉटलंडमधील सॉनी बीन नावाच्या नरमांसभक्षकाच्या दंतकथेवरून सुचली. समुद्रकाठच्या गुहेत राहून वाटसरूंना खाणाऱ्या ह्या कुटुंबाची गोष्ट अठराव्या शतकातील स्वस्त चोपड्यांतून इंग्लंडभर विकली गेली. मात्र असे कुटुंब खरोखर होऊन गेले ह्यावर इतिहासकारांचा विश्वास नाही. चोपडी स्वस्त, चित्रपटही स्वस्त, आणि दोहोंतील सिद्धांत एकच: गाव सुरक्षित आहे, धोका आहे तो गाव संपते तेथे.

आता हा सिद्धांत आपल्या भूमीवर घासून पाहू. त्यासाठी उदगीरसारखे ठिकाण दुसरे शोधावयास नको. सदाशिवरावभाऊंनी १७६० च्या फेब्रुवारीत निजामाचा पराभव केला म्हणून हे नाव शालेय पुस्तकांतून आपल्या कानी पडते, आणि तेथेच आपण त्याला सोडून देतो. परंतु लढाई हा उदगीरच्या आयुष्यातील चार दिवसांचा प्रसंग होय. एरवी शतकानुशतके ते वाटेवरचे गाव होते. बालाघाटाच्या पठारावर, खोल खंदकाच्या किल्ल्याखाली वसलेली ही पेठ; दक्षिणेस तीनचार मुक्कामांवर बिदर, उत्तरेस घाट उतरून गोदावरीकाठी नांदेड, आणि नांदेडापलीकडे हिंगोली. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि उदगीर तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच मोडत असे.

लोहमार्ग येण्यापूर्वी ह्या वाटेने कोण चालत असे? रजा घेऊन साठलेला पगार कमरेच्या कसनीत बांधून घरी निघालेला शिपाई. बैलांच्या पाठीवर कापड लादून जाणारा व्यापारी. गुरांच्या बाजाराहून रोख रक्कम घेऊन परतणारा हेडी. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यास जाणारे शीख यात्रेकरू, तुळजापूरचे भक्त, पंढरीचे वारकरी. दसरा उलटला, नद्यांचे पाणी ओसरले आणि चिखल वाळला, की वाटा माणसांनी भरून जात. रात्र पडली म्हणजे हे लोक मारुतीच्या देवळात, चावडीत, धर्मशाळेत किंवा गावाबाहेरच्या आंबराईत उतरत. ओसाड वाड्याकडे जाण्याचे कोणालाच कारण नव्हते.

आणि गावही झोपलेले नसे. चोरी झाली तर गावच्या जागल्याने चोराचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला, तर पुढचा शोध आणि जबाबदारी त्या गावाची, अशी दख्खनमध्ये जुनी वहिवाट होती. ह्या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ होत्या, परंतु चोरी झाली हे कोणास तरी कळले, तरच ती मुळात हलत असे, ही उणीव सर्वांत मोठी. ज्याच्या नाहीसे होण्याची खबरच कोणाला नाही, त्याचा माग कोण काढणार? शिपाई बिदरहून निघाला हे बिदरला ठाऊक. तो घरी पोहोचला नाही हे घरी ठाऊक. आणि ह्या दोन ठिकाणांमध्ये टपाल नाही. घरच्या माणसांनी महिनोन्‌महिने वाट पाहावी, पटकीत गेला असेल म्हणावे, आणि शेवटी कपाळाचे कुंकू पुसावे.

वाटेवरील मारेकऱ्यांचा सारा धंदा ह्या एका फटीत उभा होता. उत्तरेकडे त्यांना ठग म्हणत. दक्षिणेत फांसीगर म्हणत, आणि ह्या नावाखालीच मद्रासच्या डॉक्टर शेरवूडने १८१६ साली त्यांच्यावर निबंध लिहिला. आपल्या मराठीत ठग शब्दाचा सख्खा भाऊ ठक हा होय. त्यावरूनच आपण ठकविणे म्हणतो, ठकसेन म्हणतो. विशेष हे, की मराठी माणसाच्या कानाला ह्या शब्दात रक्ताचा वास येत नाही, फसवणुकीचा येतो. इंग्रजांनी तोच शब्द उचलला आणि आज त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ दांडगट गुंड असा झाला आहे. माझ्या मते ह्या बाबतीत आपली भाषा अधिक इतिहासनिष्ठ राहिली.

कारण ह्यांची पद्धतच मुळी फसवणुकीची. टोळीतील जो मनुष्य सर्वांत गोड बोलणारा, सर्वांत सभ्य दिसणारा, त्याच्याकडे प्रवाशाशी ओळख करण्याचे काम. त्यांच्या सांकेतिक भाषेत त्याला सोथा म्हणत. तो वाटेत भेटे, 'आम्हीही त्याच बाजूस निघालो आहोत. रस्ते वाईट आहेत, जोडीने जाऊ' असे म्हणे. चोरांच्या भयानेच प्रवासी त्याच्या सोबतीस राजी होई! मग दोन दिवस, चार दिवस, कधी आठ दिवसही सर्वांनी एकत्र चालावयाचे, एकत्र जेवावयाचे, गाणी म्हणावयाची. एखाद्या संध्याकाळी ठरलेल्या जागी मंडळी विसाव्यास बसत, आणि कोणी तरी तंबाखू आणावयास सांगे. हा इशारा. ज्याला भुर्तोत म्हणत, तो मागून रुमाल टाकी. खड्डा आधीच खणलेला असे. ते काम लुघा नावाच्या निराळ्या माणसांचे. रक्त नाही, किंकाळी नाही, प्रेत नाही. पडद्यावरील मारेकऱ्याचा करवतीचा घरघराट ऐकून ह्या मंडळींनी त्याला अगदीच अडाणी ठरविले असते.

हा धोका सरकारी कागदांत फार उशिरा उतरला असेही नाही. १८१० साली जनरल सेंट लेजर ह्याने आपल्या शिपायांस हुकूम काढून बजावले होते, की रजेवर जाताना वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांची संगत धरू नये, आणि पगाराची रक्कम जवळ न बाळगता हुंडीने पाठवावी. हुकूम शहाणपणाचा होता. पण एकट्याने जाऊ नये हे तर पूर्वापार सांगितले जात होते. आता सोबतही करू नये म्हटल्यावर गरीब शिपायाने जावे तरी कसे?

आता ज्या हकीकतीसाठी एवढी प्रस्तावना केली, तिच्याकडे येतो. ही हकीकत हिंगोलीची. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली जी फौज होती, तिची तेथे मोठी छावणी होती. छावणी म्हटली म्हणजे बाजार आला, सावकार आले, कापडवाले आले. ह्या बाजारात हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. इंग्रज अधिकाऱ्यांचा त्याच्याशी नेहमीचा व्यवहार असे. कॅप्टन फिलिप मेडोज टेलरचाही होता, आणि ही गोष्ट टेलरनेच लिहून ठेवली आहे. एकदा हरिसिंगाने जिल्ह्याच्या मुलकी अंमलदाराकडे अर्ज केला, की मुंबईहून कापड आणावयाचे आहे, तरी परवाना मिळावा. परवाना मिळाला. हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या एका गावचा व्यापारी स्वतःचे कापड घेऊन मुंबईहून येत आहे, हे हरिसिंगास आधीच ठाऊक होते. त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेत ठार केले. तेच कापड आपल्या नावाच्या परवान्यावर हिंगोलीत आणले, आणि छावणीच्या बाजारात उघड्यावर विकले. ज्यांनी परवाना दिला, त्या साहेबलोकांच्या डोळ्यांदेखत तो माल खपला. पकडला गेल्यावर त्याने स्वतः कबुली दिली नसती, तर हे कधीच उजेडात आले नसते. ती कबुलीही त्याने एक उत्तम विनोद सांगावा तशी दिली म्हणतात.

ह्यापुढील भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखविल्या आणि खोदकाम सुरू झाले, तेव्हा टेलर तेथे उपस्थित होता. प्रेते निघाली ती कोठल्या अरण्यातून नव्हेत. छावणीच्या बाजारातच, मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली गेली होती आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून फार दूर नाही अशा जागी पुरली गेली होती. खंदकाहून रुंद नाही असा तो एक कोरडा ओढा. बाजूनेच शेजारच्या गावाचा रहदारीचा रस्ता. एकेका खड्ड्यात अनेक सांगाडे. साक्षीदार थंडपणे एकामागून एक जागा दाखवीत गेले, आणि शेवटी पाहणाऱ्यांनाच शिसारी येऊन त्यांनी खोदकाम थांबविले. म्हणजे त्या ओढ्यात एकंदर किती माणसे होती, हे मोजण्याचे काम अर्धवटच राहिले.

आता मघाचा प्रश्न पुन्हा विचारू. मारेकरी कोठे राहत होता? बाजारात. दुकान थाटून. त्याच्या खिशात सरकारी मोहोरेचा परवाना होता आणि शेजाऱ्यांत त्याची पत होती. बळी पडलेला व्यापारी आडवाटेला अडकलेला नव्हता. तो तर घराजवळ येऊन पोहोचला होता. जी फौज मुलखाच्या रक्षणासाठी ठेवलेली, तिचा पहारा जवळच फेऱ्या घालीत होता. भयपटाच्या कोणत्याही निर्मात्याने ही कथा 'प्रेक्षकांस पटणार नाही' म्हणून परत केली असती.

टेलरचे चरित्र अगदी थोडक्यात सांगतो. जन्म १८०८, लिव्हरपूलचा; पंधराव्या वर्षी मुंबईस एका व्यापाऱ्याकडे आला, तेथून निजामाच्या नोकरीत शिरला, आणि आयुष्याची पुष्कळ वर्षे सुरापूर, नळदुर्ग अशा आपल्या परिसरातच घालवून १८७६ साली वारला. १८३९ साली लंडनला त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी निघाली आणि ती हातोहात खपली. अमीर अली नावाचा कैदी आपली कृष्णकृत्ये एका साहेबाला तुरुंगात बसून सांगतो, अशी तिची मांडणी आहे. विलायतेतल्या दिवाणखान्यात शेगडीजवळ बसून दख्खनच्या वाटांवरील मरण वाचण्याची गोडी ह्या पुस्तकाने लावली. एका परीने आपल्या भयपटांचे आजोबा हेच म्हणावे लागेल. मात्र आजोबा नातवंडांपेक्षा शहाणा होता. त्याचा अमीर अली देखणा आहे, विनयशील आहे, त्याच्या मैत्रीचा मोह वाचकालाही पडतो. आणि भीती वाटते ती ह्याचीच.

ह्याच सुमारास जबलपूरकडे विल्यम स्लीमन ह्या अधिकाऱ्याने ठगांचा पाठलाग मोठ्या प्रमाणावर चालविला होता. १८३६ साली त्याने त्यांच्या सांकेतिक भाषेचा 'रामसीआना' हा कोश प्रसिद्ध केला. त्याच वर्षी कायदा झाला, की एखादा मनुष्य ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले तरी त्याला जन्मठेप द्यावी, मग त्याने कोणता खून केला हे दाखविता येवो वा न येवो. चारशेहून अधिक माणसे फाशी गेली, हजारांवर काळ्या पाण्यास धाडली गेली. पुरावा बहुतेक माफीच्या साक्षीदारांचा. म्हणजे ज्यांचा जीव अधिकाधिक नावे सांगण्यावर अवलंबून होता, अशांचा. बेहराम नावाच्या ठगाने नऊशे एकतीस खून केले, हे विधान जगातील विक्रमांच्या पुस्तकांतून अजून फिरत असते. परंतु मूळ जबानी पाहता स्वतःच्या हाताने सुमारे सव्वाशे, आणि बाकीच्या प्रसंगी आपण हजर होतो, एवढेच तो म्हणतो. सव्वाशे ही संख्या काही लहान नाही. तरी सव्वाशेचे नऊशे का व्हावेत, हे विचारावयास हवे.

ठग हा कालीमातेच्या आज्ञेने खून करणारा एक प्राचीन पंथ होता, ही जी समजूत स्लीमनच्या लिखाणातून जगभर पसरली, तिच्याविषयीही आज इतिहासकार एकमत नाहीत. हिरालाल गुप्त ह्यांनी १९५९ मध्येच मांडले, की कंपनीच्या विजयांनी जी राज्ये मोडली आणि जे शिपाई बेकार झाले, त्यांतून ह्या टोळ्यांना माणसे मिळाली. राधिका सिंघा ह्यांनी त्या खास कायद्यांची चिकित्सा केली. किम वॅग्नर ह्यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात ठगी ही धर्मापेक्षा पोटाची आणि स्थानिक जमीनदारांच्या आश्रयाची गोष्ट होती असे दाखविले. सारेच इंग्रजांनी रचलेले कुभांड होते, असे म्हणणारेही आहेत. हिंगोलीच्या ओढ्यातील हाडे लक्षात घेता मला तेथवर जाता येत नाही. परंतु हरिसिंगाच्या प्रकरणात देवीचे नाव घेण्याची गरजच कोठे पडते? कापडाचा भाव, रस्त्याची माहिती आणि एक परवाना. एवढ्यावर सारे उलगडते.

पंथाच्या कल्पनेने एक गोष्ट मात्र साधली. बाजारातील प्रतिष्ठित मनुष्य खुनी निघतो, ह्यात राज्यकर्त्यांचा कमीपणा होता. खुनी हे जन्मतःच निराळे, त्यांची जात निराळी, त्यांचा देव निराळा, असे ठरविले की तो कमीपणा उरत नाही. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यासही लागू झाला, आणि पोटासाठी वाटा तुडविणारे पारधी, कैकाडी, भामटे असे कितीतरी लोक जन्मापासून गुन्हेगार म्हणून नोंदले जाऊ लागले. हजेरी, दाखला, तारेचे कुंपण. ज्या कागदाच्या बळावर हरिसिंग मोकळा फिरला, तसल्याच परवान्यावाचून ह्या माणसांना गावाबाहेर पाऊल टाकण्याची बंदी झाली. कायदा १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. तो रद्द झाल्यावरही पाहणाऱ्यांची नजर कशी राहिली, हे लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड ह्यांनी 'उचल्या' ह्या आत्मकथनात लिहिले आहे. त्यास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पडद्यावर डोंगरातून उतरणारे, भाषा न समजणारे, चेहऱ्याने विद्रूप असे मारेकरी पाहताना मला ते पुस्तक आठवल्यावाचून राहत नाही. स्वस्त चित्रपटातली भीती स्वस्त खरीच. तिची किंमत मात्र भलत्याच माणसांना द्यावी लागते.

परदेशांतील खऱ्या हकीकती काढल्या तरी पाळे वस्तीकडेच वळतात. फ्रान्समध्ये पेरबेय गावची खानावळ चालविणारे नवराबायको आणि त्यांचा नोकर ह्यांना १८३३ साली त्यांच्याच दारासमोर मृत्युदंड झाला. आमचे ठग पकडले जात होते तेच हे दिवस. त्यांच्या माथी मारलेल्या खुनांपैकी किती खरे ह्याबद्दल तेथेही वाद आहे. अमेरिकेत कॅन्ससच्या गवताळ मैदानात १८७१ पासून बेंडर नावाचे कुटुंब वाटसरूंना जेवण व अंथरूण पुरवीत असे. पाहुण्याला कापडी पडद्याकडे पाठ करून बसवीत आणि पडद्यामागून हातोडा घालीत. १८७३ मध्ये डॉक्टर यॉर्क नाहीसा झाला, त्याचा भाऊ शोध घेत आला, आणि बागेत प्रेते सापडली. भाऊ वजनदार होता म्हणून शोध लागला. त्याच्या आधी जे गेले, त्यांना असा भाऊ नव्हता.

आणि पडद्यावरचीही जी थोडी चांगली कृत्ये आहेत, त्यांना हे मर्म कळलेले दिसते. हिचकॉकच्या १९६० च्या 'सायको'त नवा हमरस्ता दुसरीकडून गेल्यामुळे ओस पडलेली एक खानावळ आहे, आणि तिचा मालक इतका लाजाळू आणि अगत्यशील, की आपणही त्याच्याकडे दूधपाव खाल्ला असता. १९६८ च्या हिंदी 'संघर्ष'मध्ये काशीचे पंडे यात्रेकरूंना आपल्या घरी उतरवून घेतात, आणि घरच ठगांचे निघते. मूळ कथा महाश्वेता देवींची.

आपल्या मराठीत २०१७ साली प्रदर्शित झालेला 'लपाछपी' हा विशाल फुरिया ह्यांचा चित्रपट मी ह्याच पंक्तीत बसवितो. सावकाराच्या तगाद्याने घाबरलेला नवरा गरोदर बायकोला घेऊन ओळखीच्या मोटारचालकाच्या खेड्यातील घरी येऊन राहतो. सभोवार माणसाच्या उंचीहून उंच ऊस. लातूरकडच्या माणसाला तो देखावा समजावून सांगावयास नको. सुरुवातीला आपण सवयीने उसातच डोळे लावून बसतो, काय येते ते तिकडून येईल म्हणून. घरात मात्र वृद्ध गृहिणी आपल्या पाहुणीला वेळेवर ताट वाढीत असते, तिला काय झेपेल काय नाही ह्याची आईसारखी विचारपूस करीत असते, आणि तिच्या पोटात मुलगा आहे की मुलगी ह्याकडे त्या घराचे डोळे लागलेले असतात.